जाफरगेटच्या बाजारात घेतलेले जुने कपडे: लेबलं वाचायला मदत पाहिजे

गोधडीवाली (छ. संभाजीनगर)

नमस्कार मंडळी. मी गोधड्या शिवते, घरच्यासाठी आणि ऑर्डरच्या पण, त्यामुळं रविवारी जाफरगेटच्या आठवडी बाजारात जुन्या कपड्यांचे ढीग पडतात तिथं माझी चक्कर ठरलेली. सकाळी आठच्या आत गेलं तर सुती-लोकरी माल हाताला लागतो, दहानंतर नुसत्या टेरिकॉटच्या पँटी उरतात. या रविवारी तीन वस्तू घेतल्या आणि तिन्हींची लेबलं मला लागंनात म्हणून इथं विचारायले.

पहिला एक जेन्ट्स कोट, जाड, खरबरीत, शेवाळी रंगाचा, १८० रुपये. आतल्या खिशाजवळ विणलेलं लेबल आहे, त्यावर एक गोळा, गोळ्यावर क्रॉस आणि खाली नंबर. शिवणाऱ्याचं नाव मात्र दुसऱ्याच लेबलवर आहे. दुसरा निळा स्वेटर, त्यावर लोकरीच्या गुंड्यासारखं चिन्ह आणि राइने शुर्वोले असं काहीतरी लिहिलंय. तिसरा बायकांचा शर्ट, मानेमागचं लेबल कुणीतरी कात्रीनं कापून टाकलंय पण बगलेखालच्या शिवणीत एक पांढरी पट्टी राहिलीय त्यावर आरएन आणि पुढं पाच आकडे.

कोट उसवून गोधडीत घालायचा विचार होता पण हात धजंना. कुणाला माहिती असेल तर नीट सांगा, नुसतं भारी वाटतंय एवढं नको.

मोंढेकर (परभणी)

ताई कोटाला कात्री लावू नका, आधी सगळं बघून घ्या.

माझ्या वडलांचं चाळीस वर्षं टेलरिंगचं दुकान होतं, मी काजं करत करत मोठा झालो. ते म्हणायचे मानेमागचं लेबल दुकानदाराचं असतं आणि शिवणीतलं लेबल कपड्याचं. मानेमागचं ब्रँडचं लेबल आजबी बाजारात शेकड्यानं विकत मिळतं, कुणीबी आणून टाचतो, चार टाके उसवले की बदललं. पण बगलेखालची जी साधी पट्टी असते ती शिवण मारतानाच आत धरलेली असते, ती बदलायची तर अख्खी शिवण उघडावी लागती, तेवढी मेहनत कुणी घेत नाही. म्हणून आधी ती वाचायची. नंतर कोटाच्या आतल्या खिशाच्या आत बोट घालून बघायचं, बऱ्याच कोटांचं खरं लेबल तिथं लपलेलं असतं. पँट असंल तर कमरेच्या पट्टीची आतली बाजू आणि खिशाचं अस्तर बघा.

आन दोरा बघा. लेबलाचा दोरा आणि बाकी शिलाईचा दोरा, टाक्याचा अंदाज, एकमेकाला मेळ खातो का. अस्तर झिजून पांढरं पडलंय आणि लेबल मात्र कोरं करकरीत असंल तर ते मागून लावलेलं हाय.

नांदेडी_माणूस

शर्टाचं मी सांगतो, मी अकरा वर्षं तिरुपूरला एक्सपोर्टच्या कामात होतो, आता गावी परत आलोय.

आरएन म्हणजे अमेरिकेचा रजिस्टर्ड नंबर. तिकडं कपड्यावर कंपनीचं नाव तरी लिहावं लागतं किंवा त्याऐवजी हा नंबर. त्यांच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या साईटवर नंबर टाकला की कंपनीचं नाव आणि पत्ता निघतो, फुकट आहे. फक्त लक्षात घ्या की तो नंबर शिवणाऱ्याचाच असेल असं नाही, आयात करणाऱ्याचा किंवा विकणाऱ्याचा पण असतो. कॅनडाचा माल असेल तर सीए आणि पुढं पाच आकडे.

याच्याआधी लोकरी मालाला डब्ल्यूपीएल नंबर द्यायचे, १९४१ ते १९५९. ते नंबर १३६६९ पर्यंत गेले, नंतर १३६७० पासून पुढचे सगळे आरएन म्हणूनच निघाले. त्यामुळं लहान नंबर म्हणजे कंपनी जुनी, पण कपडा जुना असं नाही हे पक्कं ध्यानात ठेवा, कंपनी एकदा घेतलेला नंबर वर्षानुवर्षं वापरते. कपड्याचं वय काढायला बाकीच्या गोष्टी बघाव्या लागतात. अमेरिकन लेबलवर कापूस इतके टक्के, पॉलिस्टर इतके टक्के असं सक्तीनं लिहायला लागले ते १९६० पासून. धुवायच्या सूचना शिवून लावणं १९७२ पासून. शब्दांऐवजी नुसत्या चिन्हांवर भागवायची परवानगी १९९७ ला मिळाली. म्हणजे अमेरिकन कपड्यावर नुसती टबची, इस्त्रीची चित्रं असतील आणि एक शब्द नसेल तर तो ९७ नंतरचा धरा.

आणि मानेचं लेबल कापलेलं का, तर हा एक्सपोर्ट सरप्लस असणार. ऑर्डरपेक्षा जास्त शिवलेला किंवा रिजेक्ट झालेला माल लोकल बाजारात सोडताना ब्रँडचं लेबल कापतात नाहीतर त्याच्यावर मार्करनं रेघ मारतात. बगलेची पट्टी मात्र घाईत राहून जाते. तुमचा शर्ट कुणी वापरलेला नसेलच कदाचित, कॉलरची घडी बघा, झिजलेली नसेल.

गोधडीवाली

अगदी बरोबर, कॉलर कोरी आहे! मी म्हणत होते जुना असून इतका चांगला कसा.

आरएन टाकून बघितला. कंपनी न्यूयॉर्कची निघाली, नाव कधी ऐकलेलं नाही. आणि त्याच पट्टीच्या मागं बारीक अक्षरात मेड इन इंडिया आहे, ते मी वाचलंच नव्हतं.

उदगीरकर_सध्या_लीड्स

ताई तुमच्या कोटावर जे आहे ना, गोळा आणि क्रॉस, त्याला ऑर्ब म्हणतात आणि तो हॅरिस ट्वीडचा शिक्का आहे. अस्सल असेल तर १८० रुपयांत तुम्हाला लई मोठी गोष्ट मिळाली. स्कॉटलंडच्या वायव्येला आउटर हेब्रिडीज नावाची बेटं आहेत, तिथल्या माणसांनी स्वतःच्या घरी हातमागावर विणलेलं, तिथंच रंगवलेल्या आणि कातलेल्या नव्या लोकरीचंच कापड असेल तरच हा शिक्का मिळतो. शिक्का १९१० मधे नोंदवलाय आणि १९९३ ला ब्रिटिश संसदेनं त्याच्यासाठी वेगळा कायदा केलाय, नुसत्या एका कापडासाठी कायदा! मला हे कळलं तेव्हा पहिल्यांदा आपल्या पैठणचे आणि हिमरू विणणारे लोक आठवले.

तर हे लेबल कापडाचं आहे, कोटाचं नाही. बेटावर कापड विणतात, कोट जगात कुठंही शिवतात. म्हणूनच तुम्हाला शिवणाऱ्याचं नाव वेगळ्या लेबलवर दिसतंय. अस्तराची शिवण कुठं सुटलेली असेल तर आतून कापडाची उलटी बाजू बघा, कधी कधी तिथं पण ऑर्बचा छाप असतो, तो सापडला तर शंकाच नको.

स्वेटरचं लेबल जर्मन आहे. राइने शुर्वोले म्हणजे शुद्ध नवी लोकर. गुंड्याचं चिन्ह म्हणजे वूलमार्क, ते १९६४ चं, त्याच्या आधीच्या कपड्यावर असूच शकत नाही. बाकी शब्द पण सांगून ठेवतो कारण ढिगात फार कामाला येतात. जर्मनमधे बाउमवोले म्हणजे कापूस, नुसतं वोले असलं की लोकर, बाउम म्हणजे झाड, म्हणजे झाडाची लोकर. फ्रेंचमधे कोतों कापूस आणि लेन लोकर. स्पॅनिशमधे अल्गोदोन कापूस. इटालियनमधे सेटा म्हणजे रेशीम, लाना म्हणजे लोकर, हे दोन शब्द दिसले की सोडू नका. इंग्लंडच्या मालावर सेंट मायकेल असं नाव दिसलं तर ते मार्क्स अँड स्पेन्सरचं घरचं लेबल, १९२८ ला सुरू झालं आणि २००० च्या सुमारास बंद केलं.

पैठणगेट_बॉय

मस्त धागा! मला पण एक विचारायचंय, माझ्याकडं एक लिव्हाइजची जीन्स आहे जुन्या मालातली, मागच्या खिशाची लाल पट्टी कोरी आहे त्यावर नावच नाही फक्त गोलातला इंग्रजी आर आहे, मित्र म्हणतो डुप्लिकेट. पण झिप वायकेकेची आहे म्हणजे ओरिजिनलच ना?

नांदेडी_माणूस

वायकेके हा चेन बनवणारा जपानी कारखाना आहे, १९३४ चा, त्याची चेन जगात कुणीबी विकत घेतो, त्यावरून जीन्स कुणाची ते कळत नाही. कोऱ्या पट्टीवरून पण डुप्लिकेट म्हणता येत नाही, कंपनी स्वतःच काही जीन्सना नुसत्या गोल आरची पट्टी लावते. वरच्या बटणाच्या मागं एक नंबर ठोकलेला असतो तो बघा आणि आतल्या धुण्याच्या पट्टीवर तोच नंबर आहे का बघा, खऱ्या मालात बहुतेक वेळा जुळतो. जुन्यातलं जुनं ओळखायचं तर लाल पट्टीवरचं नाव बघतात, १९७१ च्या आधी त्यात ई मोठा असायचा, नंतर लहान झाला. तसली सापडली तर मात्र धुवायच्या आधी इथं फोटो टाका.

स्टीलनगरी (जालना)

हे विलायती कोट आपल्याकडं येतात कसे हे पण सांगायला पाहिजे. वापरलेले कपडे देशात आणायला परवाना लागतो, सरसकट परवानगी नाही. गुजरातेत कांडल्याच्या सेझमधे, म्हणजे निर्यातीसाठीच्या खास क्षेत्रात, गठ्ठे उतरतात, तिथं निवडून बराच माल परत बाहेरच्या देशांना जातो, आणि लोकरीचा माल पानिपतला. मी ट्रान्सपोर्टच्या धंद्यात आहे, दोन वेळा पानिपतला माल घेऊन गेलो तेव्हा डोळ्यानं बघितलंय, बाया जमिनीवर बसून कोटाची बटणं, चेन, लेबलं काढून टाकतात, मग कोट रंगावारी वेगळे करून मशीनवर फाडतात, त्याचं पुन्हा सूत करतात, त्याला शॉडी म्हणतात. त्या सुताची घोंगडी होतात. पूर, भूकंप झाला की जी करड्या रंगाची घोंगडी वाटतात ती बरीचशी याच सुताची.

लेबलांचा एका बाजूला ढीग असतो बघा, वेगवेगळ्या भाषांतली. कुणी वाचत नाही.

आज्जीची_पेटी (बीड)

आमच्या आजोबांचा एक कोट आहे, लेबलवर लाल इमली आणि कॉनपोर असं स्पेलिंग. कानपूरचं स्पेलिंग १९४८ ला बदललं हे वाचलंय, मग हा कोट निजामाच्या काळातला धरायचा का? आजोबा तेव्हा अंबाजोगाईला शिकायला होते.

उदगीरकर_सध्या_लीड्स

नक्की म्हणू नका. लाल इमली म्हणजे कॉनपोर वूलन मिल, १८७६ ची. शहराचं स्पेलिंग बदललं तरी मिलनं आपलं जुनं नाव तसंच ठेवलं, त्यामुळं नुसत्या त्या शब्दावरून ४८ च्या आधीचा म्हणता येणार नाही. कोटात शिंप्याचं लेबल आहे का?

आज्जीची_पेटी (बीड)

आहे. लातूरच्या टेलरचं. दुकानाचं नाव, गंजगोलाई, लातूर, जि. उस्मानाबाद.

मोंढेकर (परभणी)

आता ही आपल्या घरची गोष्ट आली! तुमचा कोट १६ ऑगस्ट १९८२ च्या आधी शिवलेला हाय, कारण त्या दिवशी लातूर जिल्हा वेगळा झाला. त्याच्यानंतर लातूरचा कुठला टेलर लेबलवर जि. उस्मानाबाद लिहील? अगदीच जुन्या लेबलांचा गठ्ठा शिल्लक असंल तर एखाद वर्ष इकडंतिकडं धरा.

आता पुढं ऐका. पत्त्यात पिनकोड आहे का? पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला, लेबलवर पिन असंल तर कोट ७२ ते ८२ च्या मधला. पिन नसंल तर मात्र काही ठरत नाही, लई टेलर पिन घालतच नव्हते.

हीच रीत सगळ्या मराठवाड्याला लागू पडती. जालना, जि. औरंगाबाद असंल तर १ मे १९८१ च्या आधीचं. हिंगोली, जि. परभणी असंल तर १ मे १९९९ च्या आधीचं. फोन नंबर बघा, २००२-०३ च्या सुमारास सगळ्या लँडलाइनच्या पुढं २ लागला, लेबलवर तो २ नसंल तर त्याच्या आधीचं. मोबाइल नंबर असंल तर सांगायची गरजच नाही. आमच्या वडलांच्या दुकानाची लेबलं मुंबईहून विणून यायची, हजाराच्या खाली ऑर्डर घेत नव्हते, म्हणून पत्ता बदलला तरी जुनी संपेपर्यंत तीच लावायचे, तेवढी सूट धरूनच तारीख काढावी.

विलायती लेबलांची माहिती नेटवर ढिगानं हाय, पण आपल्या गावच्या शिंप्यांची लेबलं कुणी जपून ठेवत नाही, दुकानं बंद पडली आणि माणसं गेली. ज्यांच्या घरी जुने कोट, सफारी, शेरवान्या आहेत त्यांनी गाठोडं भांडेवालीला द्यायच्या आधी आतल्या लेबलाचा एक फोटो तरी काढा हो. हात जोडून सांगायलो.

आज्जीची_पेटी (बीड)

पिन आहे! ४१३५१२. म्हणजे आजोबांनी तो नोकरीत असताना शिवलाय, शिकताना नाही. माझ्या वडलांच्या लग्नाच्या फोटोत तोच कोट दिसतोय, लग्न १९७९ चं. आज संध्याकाळी वडलांना सगळं वाचून दाखवलं, ते बराच वेळ लेबलावरून बोट फिरवत बसले होते.

तेरणाकाठ

मी इथं नेहमी वाचते, लिहिते पहिल्यांदा. माझं गाव औसा तालुक्यातलं, किल्लारीपासून जवळ. ३० सप्टेंबर ९३ ला मी सहा वर्षांची होते. विसर्जन करून माणसं झोपली होती आणि पहाटे चारला सगळं खाली आलं. आमचे दोन जण गेले. बाकीचे आम्ही पत्र्याच्या शेडमधे, वरून पाऊस.

नंतर ट्रकनं कपडे यायचे. रस्त्याच्या कडंला ढीग पडलेले असायचे, लोक घ्यायचे, बरेचसे कपडे आपल्याकडं कुणी घालत नाही असले, ते तसेच भिजून गेले. माझ्या आईनं त्यातून एक लहान मुलाचं जाकीट उचललं, लाल, आतून मऊ. तीन थंड्या मी तेच घातलं, नंतर माझ्या भावानं. ते अजून आईच्या पेटीत आहे. हा धागा वाचून काल आईकडं जाऊन लेबल बघितलं. बाउमवोले आहे, आता कळलं कापूस. त्याच्याखाली मेड इन वेस्ट जर्मनी. आकडा ११६. आणि मानेच्या आत एक पांढरी बारीक पट्टी आहे त्यावर लाल दोऱ्यानं दोन अक्षरं, इंग्रजी एस आणि के. मला लहानपणापासून वाटायचं ही कंपनी आहे. एस के कुठली कंपनी आहे का?

उदगीरकर_सध्या_लीड्स

ताई, ३ ऑक्टोबर १९९० ला दोन्ही जर्मनी एक झाले, त्याच्यानंतर वेस्ट जर्मनी असं कुणी लिहीत नाही. म्हणजे जाकीट ९० च्या आधी शिवलेलं. ११६ हा साईज आहे, तिकडं लहान मुलांचे साईज मुलाच्या उंचीवर असतात, ११६ सेंटीमीटर, साधारण सहा वर्षांचं मूल.

मोंढेकर (परभणी)

ती अक्षरांची पट्टी कशी लावलीय? मशीनची शिलाई हाय का हातची? जवळून बघून सांगा, टाके सारखे आहेत का लहानमोठे.

तेरणाकाठ

हातची. टाके तिरपे आहेत, लहानमोठे. एका कोपऱ्यात दोरा दोनदा फिरवून गाठ मारलीय.

मोंढेकर (परभणी)

मग ती कंपनी नव्हं. कारखाना हातानं पट्टी लावत बसत नाही. ती घरी लावलेली हाय, लेकराच्या आईनं नाहीतर आज्जीनं.

उदगीरकर_सध्या_लीड्स

हो, नावाची पट्टी. इकडं शाळेत जाणाऱ्या लहान मुलांच्या कपड्यात नाव किंवा नावाची अक्षरं शिवतात, खुंटीवर सगळ्यांची जाकिटं टांगलेली असतात म्हणून. एस आणि के ही त्या मुलाच्या नावाची अक्षरं आहेत.

गोधडीवाली

ताई, किती वेळ झाला हे वाचून मी काम बाजूला ठेवून बसलेय. तुम्ही पण सहाच वर्षांच्या होता.

माझा कोट मी आता फाडत नाही, बाहीच्या टोकाला रफू करून ठेवते. खालच्या बाजूला अस्तर सुटलं होतं तिथून बघितलं, ऑर्बचा छाप आहे.

तेरणाकाठ

आईला फोन करून सांगितलं की ती अक्षरं कंपनीची नाहीत, कुणाच्यातरी लेकराची आहेत. आई म्हणली, मला म्हाईत हाय की, हातचा टाका वळखू येत नाही व्हय. तुला टोचतंय म्हणून तू रडायचीस तर मी आतून फडक्याची पट्टी लावून दिल्ती, पर ते काढलं नाही, दुसऱ्या मायीनं लावलेलं.

मला ती फडक्याची पट्टी आठवत पण नव्हती. उद्या परत जाणार आहे बघायला. मोंढेकर दादा, जाकीट तीस वर्षं पेटीत डांबरगोळ्यांत आहे, वास जायला काय करू? धुवायची भीती वाटायलीय.

मोंढेकर (परभणी)

सध्या धुवू नका. सावलीत, वारा लागंल असं चार दिवस आडवं पसरून ठेवा, टांगू नका, खांद्यावर ताण येतो. सुती हाय म्हणून नंतर धुतलं तरी चालंल, पण गार पाण्यात, न पिळता, आन लाल रंग सुटतो का ते आधी आतल्या शिवणीवर ओला पांढरा कपडा दाबून बघा. परत ठेवताना गोळ्या कपड्याला लावू नका, जुन्या धुतलेल्या धोतरात गुंडाळून वाळलेला कडुलिंबाचा पाला वरून ठेवा.